एका हॉटेलच्या तीन शाखा झाल्या की ड्युटीचं गणित नेमकं कुठं फसतं?

'वेटर पाहिजे, कुक पाहिजे, राहण्या-जेवणाची सोय.' कुठल्याही शहरात चार हॉटेलं बघितली, तर त्यातल्या एकाच्या तरी दारावर हा बोर्ड सापडतोच. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "माणसं टिकत नाहीत."

माणसं का टिकत नाहीत, याचं एक कारण पगार असतं. दुसरं कारण मॅनेजरच्या काउंटरमागं चिकटवलेलं असतं. ते म्हणजे ड्युटी चार्ट. एकच हॉटेल असतं तोवर हा चार्ट तोंडी पण चालून जातो. काल रात्री कोण उशिरापर्यंत थांबलं, कोणाची सुट्टी राहिली, हे मालकाला डोळ्यांनी दिसतं. दुसरी-तिसरी शाखा निघाली की खरा घोळ सुरू होतो.

घोळ काय होतो?

समजा, एका मालकाच्या दादर, ठाणे आणि डोंबिवली अशा तीन शाखा आहेत. दादरच्या चार्टवर एका वेटरची ड्युटी दुपारी ४ ते रात्री १२. म्हणजे आठ तास. दुसऱ्या दिवशी ठाण्यात नाश्त्याच्या वेळेला माणूस कमी पडतोय, म्हणून त्याच वेटरला सकाळी ७ ते दुपारी ३ तिकडं पाठवलं. हे पण आठ तास. दोन्ही मॅनेजरांचे कागद एकदम बरोबर.

आता त्या वेटरच्या बाजूनं बघा. तो राहतो कल्याणला. बारा वाजता सुटून, शेवटच्या लोकलपैकी एखादी पकडून घरी पोहोचायला दीड-दोन वाजतात. सातला ठाण्यात हजर व्हायचं म्हणजे साडेपाचला उठणं आलं. झोप झाली फार तर साडेतीन तास. दोन शिफ्टमध्ये फक्त सात तासांचं अंतर होतं, पण ते कुठल्याच शाखेच्या चार्टवर दिसत नाही. कारण ते दोन कागदांच्या मधे पडलंय.

रात्री बंद करायला तोच आणि सकाळी उघडायला पण तोच, या प्रकाराला अमेरिकेत क्लोपनिंग म्हणतात. 'क्लोजिंग' आणि 'ओपनिंग' जोडून झालेला शब्द. न्यूयॉर्क शहरानं तर यावर कायदाच केला. नोव्हेंबर २०१७ पासून तिथल्या मोठ्या फास्टफूड साखळ्यांना ड्युटीचं वेळापत्रक १४ दिवस आधी द्यावं लागतं. रात्रीच्या आणि सकाळच्या शिफ्टमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर असेल, तर कामगाराची लेखी संमती घ्यायची आणि वर १०० डॉलर द्यायचे. २०२२ मध्ये याच कायद्याखाली चिपोटले या साखळीसोबत शहरानं तडजोड केली आणि सुमारे १३,००० कामगारांसाठी २ कोटी डॉलर देण्याचं ठरलं.

आपल्याकडं कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. मूळ कायद्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा १० तासांवर न्यायला मंजुरी दिली, पण आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवले. आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दरानं पैसे, हे पण कायद्यात आहे.

हॉटेल लाइनमध्ये ब्रेक शिफ्ट हा प्रकार जुना आहे. सकाळी ११ ते ३ काम, मग घरी न जाता कुठंतरी आडवं व्हायचं आणि परत ७ ते ११. काम भरतं आठ तास, पण माणूस अडकून पडतो बारा तास. म्हणूनच मूळ कायद्यानं कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पसारा साधारणपणे साडेदहा तासांच्या आत ठेवायला सांगितलाय.

मग माणसं कमी का पडतात?

इथं साधं गणित आहे. हॉटेल सकाळी ८ ते रात्री १२ उघडं, म्हणजे रोज १६ तास आणि आठवड्याला ११२ तास. एका माणसाचे ४८ तास धरले, तर एक जागा आठवडाभर भरलेली ठेवायला २.३३ माणसं लागतात. चार वेटर कायम फ्लोअरवर हवे असतील, तर ४४८ तास झाले. म्हणजे दहा माणसं पाहिजेत.

बरेच मालक आठच ठेवतात. मग प्रत्येकाचे ५६ तास होतात, म्हणजे आठ तास जादा. नियमाप्रमाणे दुप्पट दर लावला, तर आठ जणांना मिळून ५१२ तासांचा पगार द्यावा लागतो. दहा माणसं ठेवली असती तर ४८० तासांचा. रजा, पीएफ, राहण्याची सोय धरली की आकडे थोडे हलतात. पण एवढं नक्की की आठ माणसांत भागवणं खूप स्वस्त वाटत असेल, तर कुणाचा तरी ओव्हरटाइम बुडतोय.

यावर उपाय काय?

पहिला उपाय, चार्ट शाखेचा न बनवता माणसाचा बनवायचा. सगळ्या शाखांची मिळून एकच शीट. आडव्या ओळीत माणसाचं नाव, उभ्या रकान्यात वार आणि प्रत्येक चौकटीत शाखा आणि वेळ. कोण कुठून सुटून कुठं चाललाय, हे एका नजरेत कळतं.

दुसरा, आधी साप्ताहिक सुट्ट्या भरायच्या, मग शिफ्ट. उलटं केलं की पहिली कात्री सुट्टीलाच लागते.

तिसरा, मोजणी कामाप्रमाणे करायची. तंदूरवाला रजेवर गेला, तर काउंटरवरचा माणूस त्याच्या जागी चालत नाही.

चौथा, रिलीव्हर ठेवायचे. स्टेशनजवळच्या शाखेत रोज सकाळी गर्दी असते, मॉलजवळच्या शाखेत शनिवार-रविवारी संध्याकाळी. बिलाच्या मशीनमध्ये तासानुसार विक्री निघते, ती बघून दोन-तीन रिलीव्हर शाखांमध्ये फिरवता येतात. एकाच हॉटेलवाल्याला ही सोय नसते. मात्र रिलीव्हर कोण, हे त्याला आधीपासून माहीत पाहिजे. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर 'उद्या सकाळी ठाण्याला जा' असा मेसेज टाकणं म्हणजे नियोजन नव्हे.

पाचवा, अदलाबदल एकाच माणसाला विचारून करायची आणि ती शीटवर चढवायची.

याचा मालकाला फायदा होतो का? २०१८ मध्ये अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या साखळीच्या २८ दुकानांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ज्या दुकानांत शिफ्ट जास्त स्थिर ठेवल्या, तिथं विक्री ७ टक्क्यांनी वाढली. कपड्यांचं दुकान आणि हॉटेल यांत फरक आहे, पण गिऱ्हाइकासमोर उभा राहणारा माणूस दोन्हीकडं लागतो. तो साडेतीन तास झोपून आलाय की सात तास, हे गिऱ्हाइकाला ऑर्डर देतानाच कळतं.