कातीव लाकडाच्या भेगा व त्या बुजविण्याची द्रव्ये

पाळणा, खाटेचे खूर, विळ्याची मूठ, रवी, लाटणे अशा चरकावर कातलेल्या वस्तू सोलापूरकडील शेतकऱ्याच्या घरी असतातच. बांधावरची बाभूळ तोडून कारागिराकडे देण्याची चालही जुनीच आहे. परंतु ओले लाकूड घाईने कातले व त्यास आपल्याकडील उन्हाळा लागला, म्हणजे ते बाहेरून आधी वाळून आक्रसते, आत ओल राहते व लाकूड चिरते.

आम्ही नातवाच्या बारशाकरिता श्रावणात असाच पाळणा करविला. एका खांबास उभी चीर होती. ती कारागिराने पांढऱ्या डिंकात भुसा कालवून बुजविली व वर रंग चढविला. चैत्र लागताच खांब त्याच जागी उकलला. पाळणा त्या वेळी रिकामा होता, ही देवाची कृपा. दोष कारागिराचा खरा, पण घाई आमची होती. सबब प्रथम हे ध्यानी घ्यावे की, लाकूड वाळल्यावाचून कोणतेही द्रव्य टिकत नाही. आणि भार सोसणाऱ्या भागात भेग आरपार गेली असल्यास ती बुजवू नये, भागच बदलावा.

पूर्वी सरस भिजवून दुहेरी भांड्यात ऊन करून वापरीत. त्याची पकड चांगली, परंतु ओल लागताच तो सुटतो. लाखेचे तसे नाही. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे खेळणी करणारे कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. याच युक्तीने बारीक चिराही भरतात. मात्र लाख ठिसूळ असून उष्णतेने मऊ होते, म्हणून गरम भांड्यात फिरणाऱ्या रवीस ती उपयोगी नाही.

पांढरा डिंक, ज्यास लोक सरसकट फेविकॉल म्हणतात (हे नाव १९५९ पासूनचे), तो पाणी उडताना आक्रसतो. खोल पोकळीत एकदम ओतल्यास मध्ये खळगा पडतो. थर वाळवीत भरावे लागते. क्षणात चिकटणारा पातळ डिंक केसासारख्या चिरेत आपोआप ओढला जातो. त्याची वाफ डोळ्यांस झोंबते, व सुती चिंधीवर सांडल्यास चिंधी चटका बसण्याइतकी तापते. किड्यांची छिद्रे किंवा गाठ निसटलेली जागा यांस दोन नळ्यांतील एपॉक्सी उत्तम, कारण ते फारसे आक्रसत नाही. दोहोंचे प्रमाण वेष्टनावर लिहिले असते. ते अंदाजाने घेतल्यास मिश्रण चिकटच राहते. त्यात त्याच लाकडाचा बारीक भुसा मिसळावा. पूर्ण कठीण झाल्यावरच पुन्हा चरकावर चढवावे व बाहेर पसरलेले द्रव्य घासून काढावे, नाहीतर पॉलिश तेथे धरत नाही व डाग दिसतो.

आमच्या पाळण्याचा नवा खांब सध्या ओसरीत सावलीस पडून आहे. लाकूड टोकांकडून लवकर वाळते, म्हणून दोन्ही टोकांस मेण लावले आहे. कातण्यास तो पुढील वर्षी द्यावयाचा आहे.