पासबुक पेटीत, एटीएम दिराच्या खिशात : घरचे माणूस गेल्यावर बँक खात्याचे काय करायचे?

वडसा आणि आसपासच्या गावांत काम करताना मयताच्या घरी आमचे दोनदा जाणे होते. एकदा अंत्यविधीला, दुसऱ्यांदा पुण्यानुमोदनाला. दुसऱ्या वेळी त्रिसरण-पंचशील होते, भन्तेजी किंवा बौद्धाचार्य धम्मदेसना देतात, जेवणे आटोपतात आणि पाहुणे निघायच्या आधी ओसरीवर एखादा कागद फिरू लागतो. "बँकेचा आहे, सही करा." लग्न होऊन गेलेल्या बहिणी सही करतात. रडून डोळे सुजलेली बायको अंगठा लावते. कागदावर काय लिहिले आहे, ते कोणी वाचून दाखवत नाही.

बहुतेक वेळा त्यात कपट नसते, घाई असते. पण तो कागद ना-हरकत पत्राचा असतो. 'या पैशांवर माझा दावा नाही' असा त्याचा अर्थ.

असेच एक घर आम्ही जवळून पाहिले. राईस मिलमध्ये हमाली करणारा माणूस अचानक गेला. मागे आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी. खात्यात पावणेदोन लाखांच्या आसपास रक्कम. खाते लग्नाआधीचे, म्हणून नॉमिनी थोरला भाऊ. एटीएम कार्ड आणि पिनही त्याच्याकडेच. त्याने आठवडाभरात चाळीस हजार काढून कार्यक्रमाचा खर्च भागवला आणि उरलेली रक्कम नॉमिनी म्हणून आपलीच, असे तो मनापासून समजत होता. त्याची वहिनी बँकेत गेली, तर तिला उत्तर मिळाले : "नॉमिनी तुम्ही नाही, तुमचा काही संबंध नाही."

हे उत्तर अर्धेच खरे होते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनीला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, एवढाच नॉमिनेशनचा अर्थ. पैसे कोणाचे, हे मृत्युपत्राने ठरते आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. रामचंदर तलवार विरुद्ध देवेंदर कुमार तलवार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत हेच स्पष्ट केले. नॉमिनी पैसे उचलतो ते वारसांच्या वतीने. उचलल्यावर ते वारसांना देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

मग वारस कोण? इथे आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न येतो : आम्ही बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा आम्हाला कसा? 1956 च्या या कायद्याच्या कलम 2 मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. कायदा लागू होतो म्हणून कोणी हिंदू ठरत नाही, फक्त वाटपाचा नियम एक आहे. मुलीला आणि विधवेला संपत्तीत हक्क मिळावा यासाठीच बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल हाती घेतले होते. ते रखडवले गेले आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून जे कायदे झाले, त्यांतलाच हा एक. ओसरीवर न वाचता सही घेताना आपण नेमके काय पुसून टाकतो, हे लक्षात घ्या.

नियम साधा आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची बायको, आई, प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी यांना सारखा वाटा. मुलीचे लग्न झाले तरी वाटा तोच. हे वारस असताना भावाला काही मिळत नाही, वडिलांनाही नाही. वरच्या घरात चार वारस होते : बायको, आई आणि दोन लेकरे. भाऊ नॉमिनी होता, वारस नव्हता. स्त्री वारली तर पहिला हक्क नवरा आणि मुला-मुलींचा. नवरा आणि मुले दोन्ही नसतील, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर माहेरच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. म्हणून बचत गटात पै-पै जमवणाऱ्या एकट्या बायांनी मृत्युपत्र जरूर करावे.

पहिले काम मृत्यू दाखल्याचे

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा. गावात ग्रामपंचायतीत, वडसा शहरात नगर परिषदेत. उशीर झाला तर विलंब शुल्क आणि परवानग्या वाढत जातात. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंद करताना पासबुक आणि आधार सोबत न्या आणि नाव अक्षर न अक्षर जुळवा. पासबुकात एक नाव आणि दाखल्यावर बोलीतले दुसरे, एवढ्या फरकाने महिने जातात. दाखल्याच्या चार-पाच मूळ प्रती घ्या.

मग बँकेला लेखी कळवा. एटीएम किंवा फोन पे वापरून मयताच्या खात्यातून पैसे काढू नका. 'घरचेच पैसे आहेत' असे वाटले, तरी ते सगळ्या वारसांचे असतात आणि पुढे भांडण झाले तर कार्ड वापरणारा पोलिसांत सापडू शकतो. अंत्यविधीचा खर्च सर्वांच्या संमतीने नंतर वजा करता येतो, त्याच्या पावत्या ठेवा.

बँक काय मागू शकते, काय नाही

रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 रोजी मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले. ते लागू करायला बँकांना 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत दिली. त्यांतल्या कामाच्या गोष्टी अशा :

नॉमिनी असेल, किंवा खाते संयुक्त असून 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी अट असेल, तर दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि दावेदाराचे ओळखपत्र पुरते. रक्कम कितीही असो, कोर्टाचे वारस प्रमाणपत्र मागता येत नाही.

नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नसेल, वारसांत वाद नसेल आणि रक्कम सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत किंवा इतर बँकेत 15 लाखांपर्यंत असेल, तरीही कोर्टात जायची गरज नाही. वरच्या कागदांसोबत दावेदारांचे हमीपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि वारस दाखला लागतो. वारस दाखला नसेल तर कुटुंबाला ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य अशा व्यक्तीचे घोषणापत्र चालते. या मर्यादेत तिसऱ्या माणसाचा जामीन मागता येत नाही. आमच्या भागातली बहुतेक खाती या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात.

सर्व कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर बँक दर अधिक 4 टक्के व्याज द्यायचे. मुदत ठेव मुदतीआधी मोडली म्हणून दंड कापायचा नाही.

म्हणून अर्ज नेहमी दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. तोंडी 'उद्या या' याला तारीख नसते. लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मदतीसाठी फोन क्रमांक 14448. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची तक्रार सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे करावी लागते. पोस्टाचे नियमही वेगळे आहेत.

पासबुकातल्या छोट्या नोंदी

शिल्लक बघून पासबुक मिटू नका. मे महिन्याच्या अखेरीस 436 रुपये कापलेले दिसले, तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा असू शकतो : कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी वारसांना 2 लाख. 20 रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा : अपघाती मृत्यूला 2 लाख. दावा त्याच बँक शाखेत, शक्यतो 30 दिवसांत करायचा. वरच्या घरात ही 436 ची नोंद सापडली, तेव्हा खात्यातल्या शिल्लकीपेक्षा मोठी रक्कम त्या घराला मिळाली. बँकेतून ती कोणी सांगितली नव्हती.

जुन्या पासबुकावर 'वैनगंगा' नावाची ग्रामीण बँक दिसली तर खाते बुडाले असे समजू नका. 2013 मध्ये ती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत आली आणि 1 मे 2025 पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँक आहे. दहा वर्षे हात न लागलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसांना ते नंतरही त्याच बँकेतून मागता येतात. अनेक बँकांतल्या अशा ठेवी 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतात.

मृत्यूनंतर जमा झालेले निवृत्तिवेतन किंवा योजनेचा हप्ता मात्र वापरू नका, तो परत मागितला जातो. पीक कर्ज असेल तर वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. घाबरून सावकाराकडे जाऊ नका.

हे काम जिवंतपणीच

त्या घरातला थोरला भाऊ वाईट नव्हता. विहारात बसून कायदा समजावला, तेव्हा सुरुवातीला तो चिडला, मग गप्प झाला. चाळीस हजार खर्चात गेले ते गेले. उरलेल्या रकमेचे चार वाटे झाले आणि लेकरांचे दोन वाटे मुदत ठेवीत गेले. अज्ञान मुलांचा हक्क सोडणाऱ्या कागदावर कोणी सही करायची नाही, हेही त्याच दिवशी ठरले.

1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. लग्नाआधी खाते उघडलेल्या प्रत्येकाने नॉमिनी कोण आहे ते तपासावे. वर्षावासात आपल्या विहारांतून तीन महिने ग्रंथवाचन चालते. त्यातली एक संध्याकाळ पासबुकांसाठी ठेवा : प्रत्येकाने आपले आणावे, नॉमिनीचे नाव मोठ्याने वाचावे आणि बायकोला, आईला, मुलीला ते ऐकू द्यावे.

जयभीम.