शेळी गाभण आहे का? उत्तर कॅलेंडरवर!

भिलाई म्हटले की आठवतो तो पोलाद कारखाना. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भोवती आखीव-रेखीव सेक्टरांची वसाहत उभी राहिली. नागपूर-विदर्भाकडून नोकरीसाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे तिथलीच होऊन गेली. पण याच वसाहतीला लागून रुआबांध्यासारख्या वस्त्या आहेत आणि अशा वस्त्यांमध्ये दारात एखादी शेळी बांधलेली असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. छत्तीसगडीत तिला म्हणतात ‘छेरी’. शेजारीण सहज विचारते, ‘‘छेरी गाभिन हे का?’’ आणि मालकीण पोटाकडे बघून सांगते, ‘‘असेल बहुतेक.’’

या ‘बहुतेक’मध्येच घरच्या पैशांचा घोटाळा असतो. सणाच्या तोंडावर व्यापारी दारात येतो, शेळी भाकड आहे असे समजून ती विकली जाते आणि मागाहून कळते, की पोटात दोन करडे होती. याच्या उलटही घडते. गाभण आहे या भरवशावर चार-पाच महिने पेंड-भरडा चारला जातो आणि हाती काहीच येत नाही. जिच्या घरी एक-दोनच शेळ्या आहेत, तिला यातले कुठलेच नुकसान परवडणारे नसते.

शेळीचे पोट मुळात फसवे. तिच्या डाव्या कुशीत चाऱ्याचे मोठे पोट असते. पोटभर पाला खाऊन पाणी प्यालेली कुठलीही शेळी संध्याकाळी गाभणच दिसते! गर्भ वाढतो तो उजव्या बाजूला, खालच्या अंगाला आणि पहिले तीन महिने तर बाहेरून काहीच उमगत नाही. म्हणून अनुभवी माणसे शेळीच्या पोटाआधी तारीख विचारतात. शेळी बोकडाला दाखवली कधी?

शेळी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. सारखी ओरडते, शेपटी हलवते, चाऱ्यात लक्ष नसते, दूध कमी होते, निरणातून चिकट स्राव येतो. हा माज एक ते दोन दिवस टिकतो. तेव्हा बोकड दाखवला, की त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करावी. जिथे दुधाचा आणि गॅसच्या सिलिंडरचा हिशेब लिहिला जातो, तिथे शेळीलाही एक चौकट द्यायला काय हरकत आहे?

समजा, शेळी १० ऑक्टोबरला फळवली. मग पुढची खूण ३१ ऑक्टोबरला. त्याच्या आगेमागे तीन दिवस शेळीकडे बारीक लक्ष ठेवायचे. ती पुन्हा माजावर आली, म्हणजे ‘उलटली’, तर ती गाभण नाही, पुन्हा बोकड दाखवायचा. शांत राहिली, तर आशा धरायला हरकत नाही. पुढच्या २१ दिवसांनीही शांत राहिली, तर आशा आणखी पक्की.

तरीही ती आशाच, खात्री नव्हे. कारण काही शेळ्यांचा माज मुका असतो, तर ऋतू सरला की अनेकींचा माज आपोआप थांबतो. शिवाय शेळीत ‘खोटे गाभणपण’ही आढळते. गर्भाशयात नुसते पाणी साठत जाते. माज थांबतो, पोट वाढते, कधी कासही भरते. मग एखाद्या दिवशी सगळे पाणी वाहून जाते, गोठ्यातली जमीन ओली होते आणि करडू मात्र नाहीच. मालकिणीला वाटते शेळी गाभडली किंवा कुणाची नजर लागली. प्रत्यक्षात पोटात गर्भ कधी नव्हताच.

खरे-खोटे ठरवायला सोनोग्राफीसारखा मार्ग नाही. कासेच्या पुढे, उजव्या जांघेत केस नसलेल्या जागी यंत्र लावले, की दीड महिन्यानंतर गर्भ स्पष्ट दिसतो. दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान एक आहे की जुळे, हेही बहुधा सांगता येते. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून तिथे कामधेनू विद्यापीठही आहे. भिलाईकरांना सल्ल्यासाठी ते जवळचे ठिकाण. इतरांनी आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सोय कुठे आहे ते विचारावे. औषधाच्या दुकानात मिळणारी बायकांची लघवी तपासायची पट्टी मात्र शेळीला लावू नये. ती पट्टी ज्या संप्रेरकावर चालते, ते माणसाच्या गर्भारपणातले असते. शेळीच्या लघवीत ते नसतेच.

यंत्र नसेल तर हाताची परीक्षा आहे, पण ती साडेतीन महिन्यांनंतर. सकाळी शेळीने काही खाण्यापूर्वी तिच्या मागे उभे राहून दोन्ही हात कासेच्या पुढे पोटाखाली धरावेत आणि पोट हलकेच वर उचलून सोडावे. आत काही टणक हाताला येऊन टेकले, तर तो गर्भ. जोराने दाबायचे मुळीच नाही. पहिलवेताच्या शेळीची कास तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून हळूहळू भरू लागते. आधी व्यालेल्या शेळीची कास मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत काही सांगत नाही.

शेळीचे दिवस सरासरी १५०. म्हणजे १० ऑक्टोबरची शेळी ९ मार्चच्या सुमारास, पाच दिवस अलीकडे-पलीकडे, व्यायला हवी. दूध देत असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते आटवायचे. २६ जानेवारीला आणखी एक खूण, कारण तिथून शेवटचे सहा आठवडे सुरू होतात. गर्भाची बहुतेक वाढ याच काळात होते, पण वाढलेल्या गर्भामुळे पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. म्हणून खुराक हळूहळू वाढवावा आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्यावा. आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी टोचून घेतली, की चिकातून करडांनाही संरक्षण मिळते. जंताचे औषध डॉक्टरांना गाभण असल्याचे सांगूनच द्यावे. काही औषधे पहिल्या महिन्यात गर्भाला घातक ठरतात.

जुळी-तिळी असलेल्या शेळीला या दिवसांत फार जपावे लागते. अंग फार सुटलेली किंवा फार रोडावलेली शेळी अचानक खाणे सोडते, कळपापासून दूर उभी राहते, दात खाते, तिच्या तोंडाला गोडसर वास येतो. हा गाभणपणातला विषार. ‘उद्या बघू’ म्हणण्यात शेळी आणि करडे दोन्ही जातात. त्याच दिवशी डॉक्टर बोलवायला हवा.

व्यायची वेळ जवळ आली, की शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या ताठ शिरा सैल पडतात, तिथे खळगे दिसतात. शेळी पाय आपटते, उठ-बस करते. यात काही तास जातात, घाबरू नये. पण जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि करडू आले नाही, तर ओढाताण न करता मदत मागवावी. करडाच्या नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे आणि तासाभरात चीक पाजावा. वार बारा तासांत पडायला हवी.

एक गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांनी कटाक्षाने पाळावी. सून किंवा लेक गरोदर असेल, तर तिला शेळीच्या बाळंतपणात हात घालू देऊ नये. वारेतून आणि स्रावातून पसरणारे काही रोग पोटातल्या बाळाला धोक्याचे असतात. इतरांनीही हातमोजे घालावेत आणि वार खोल पुरावी. शेळी मुदतीआधी गाभडली, तर तिला वेगळी बांधून डॉक्टरांना कळवावे. तिचे दूध उकळल्याशिवाय कुणालाही देऊ नये.

आणि करडे उभी राहून लुचू लागली, की कॅलेंडरावर व्याल्याची तारीखही लिहून ठेवावी. पुढच्या माजाचा हिशेब तिथूनच सुरू होतो.