सही करण्याआधी आत्याला फोन

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या लोखंडी पेटीत सुतळीने बांधलेला एक गठ्ठा सापडला. दोन कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं, १९८० च्या दशकातली. कागद पिवळे पडलेले, पण आजोबांचं नाव ठळक. आजी तीन वर्षांपूर्वी गेली, तोवर लाभांश दोघांच्या जोडखात्यात जमा होत होता. नाहीतर सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअरच सरकारच्या आयईपीएफ निधीकडे जातात आणि मग ते परत मिळवण्याचा वेगळाच अर्ज करावा लागतो. त्यातून आम्ही वाचलो.

घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, दोन फॉर्म भरायचे, झालं! कंपनीच्या रजिस्ट्रारकडून उत्तर आलं त्यात प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचं बंधपत्र आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र, असे तीन मसुदे होते. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं आणि नॉमिनीही लावलेला नव्हता. अशा वेळी कागदी शेअरसाठी एका कंपनीमागे ५ लाख रुपयांपर्यंतचं मूल्य असेल तर कोर्टाच्या वारसा दाखल्याऐवजी ही कागदपत्रं चालतात, अशी सोय सेबीने २०२२ मध्ये करून दिली आहे. आमचं मूल्य त्यात बसत होतं.

प्रतिज्ञापत्रात वारसांची नावं लिहायची होती. काका म्हणाले, "आम्हा दोघा भावांची घाल. ताईचं लग्नात झालंय सगळं. तिला नाशिकहून कशाला धावपळ करायला लावायची?" यात त्यांची काही लबाडी नव्हती. त्यांच्या पिढीला ते तसंच दिसतं. बाबा गप्प बसले. आमच्या घरात बाबा गप्प बसले की होकार समजतात. मी दोन नावं टाईप केली, प्रिंट काढली आणि रात्री बंधपत्र वाचायला बसलो.

माझ्या धंद्यात कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, परवान्यात मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट असते: जसं आहे तसं घ्या, आमची कसलीही हमी नाही. शेअरचं बरोब्बर उलटं आहे. तुम्ही तोंडाने काही बोलला नाहीत तरी कायदा तुमच्या वतीने हमी देऊन मोकळा होतो. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यात 'माल' या शब्दात शेअरही येतात. त्यामुळे शेअर विकणारा माणूस, उलट काही ठरलं नसेल तर, हे गृहीत धरूनच विकतो की विकायचा हक्क त्याचा आहे, घेणाऱ्याला ते निर्वेध ठेवता येतील आणि त्यावर न सांगितलेला कुणा तिसऱ्याचा बोजा नाही. वारसाहक्काने नावावर करणं ही विक्री नव्हे, म्हणून तिथे हीच हमी कागदावर लिहून घेतात.

या विषयातला एक जुना इंग्लिश खटला मला फार आवडला. शेफिल्ड नगरपालिकेचे रोखे दोघांच्या जोडनावावर होते. त्यातल्या एकाने दुसऱ्याची खोटी सही करून ते बँकेकडे तारण म्हणून दिले. बँकेला काहीच कल्पना नव्हती. तिने हस्तांतराचा कागद नगरपालिकेकडे पाठवला, नगरपालिकेने नोंद केली आणि पुढे ते रोखे तिसऱ्याच माणसांकडे गेले. खोटी सही करणारा मेल्यावर बिंग फुटलं. खऱ्या मालकाला नगरपालिकेने भरपाई दिली आणि मग ती बँकेच्या मागे लागली. १९०५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला. नोंदीसाठी जो कागद पुढे करतो, तो कागद खरा असल्याची हमीही तोच देतो. तो स्वतः निर्दोष असला तरी सुटका नाही.

हे वाचून मी उठून पाणी प्यायलो. ती बँक तर बिचारी अंधारात होती. मला आत्या आहे हे मला पक्कं ठाऊक होतं!

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. आजीही गेल्यामुळे आता तीन भावंडांचे तीन सारखे हिस्से. लग्नात काय दिलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. दोनच नावं टाकली असती तर ते शपथेवरचं खोटं विधान झालं असतं, आणि बंधपत्रामुळे उद्या दावा आला तर भरपाई बाबांनी आणि काकांनी खिशातून द्यायची होती. तीही कंपनीला, आत्याशी भांडण ते वेगळंच.

आणि नॉमिनी असता तरी प्रश्न सुटला असता असं नाही. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकीवरून झालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी म्हणून नाव असलं, एवढ्यानेच तो वारसांना बाजूला सारून मालक होत नाही. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी ॲपवर दोन सेकंदांत नॉमिनी भरलेला असतो आणि वाटतं, वाटणी झाली. मलाही तसंच वाटत होतं.

सकाळी आत्याला फोन केला. आधी बरीच वर्षं घरी न गेल्याबद्दल बोलणी खाल्ली, मग मुद्द्यावर आलो. म्हटलं, "आत्या, तुझा तिसरा हिस्सा आहे. नको असेल तर ना-हरकत लिहून दे, हवा असेल तर तसं सांग."

"हवाय," ती म्हणाली. "का नको असेल?"

खरं सांगतो, मला 'नको गं बाई'ची अपेक्षा होती. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, स्टॅम्प पेपर कितीचा लागतो.

आता तिघांच्या सह्यांचा कौटुंबिक वाटणीचा लेख केलाय, प्रतिज्ञापत्रात तीन नावं आहेत. नवीन कागदी सर्टिफिकेट आता मिळत नाही, शेअर डीमॅटमध्येच येतात, म्हणून आत्याचं खातं उघडणं चाललंय. तिच्या पॅन कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, त्यामुळे ते काम अडलंय. मूळ सर्टिफिकेटं रजिस्ट्रारकडे पाठवण्याआधी तिने सगळ्यांचे फोटो मागून घेतले. त्यांच्या पाठीवर आजोबांनी पेन्सिलीने भाव लिहून ठेवलेले आहेत, ते तिला वाचायचे होते.