थकबाकीनंतर पत पुन्हा कशी उभारावी?

शेतीस जमीन, पाणी व बियाणे जितके आवश्यक, तितकेच वेळेवर मिळणारे भांडवलही आवश्यक असते. पाऊस हुकला, भाव कोसळले किंवा घरात दुखणे निघाले, की पीककर्जाचा भरणा राहून जातो. अल्पमुदतीच्या पिकासाठी घेतलेल्या कर्जाचे मुद्दल किंवा व्याज दोन हंगाम थकले, म्हणजे बँक ते खाते अनुत्पादक ठरविते. व्यापाऱ्याचे दिवाळे न्यायालयात निघते; शेतकऱ्याचे बहुधा थकबाकीच्या यादीत निघते. नवे कर्ज मिळत नाही, पेरणी मात्र थांबत नाही, आणि मग पावले सावकाराच्या दाराकडे वळतात.

तथापि, गेलेली पत परत मिळविता येते. तिचा आधार ओळखीपाळखी नसून लेखी नोंद हा आहे. म्हणून नोंद सुधारणे हेच पत सुधारण्याचे साधन होय.

१. प्रथम हिशेब : सोसायटी किंवा बँकेकडून खात्याचा लेखी उतारा घ्यावा. त्यात मुद्दल, व्याज व इतर आकार वेगवेगळे पाहावेत. २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीचा लाभ मिळाला असल्यास खाते प्रत्यक्ष बंद झाले आहे किंवा नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

२. तडजोडीचा विचार : एकरकमी तडजोडीत काही रक्कम सोडली जाते. परंतु अशा खात्याची नोंद 'पूर्ण फेड' अशी न होता 'तडजोड' अशी होते, व पुढील कर्ज देताना बँक ती विचारात घेते. याकरिता शक्य तेथे पूर्ण फेड करणे श्रेयस्कर. ते शक्य नसल्यास नवे कर्ज केव्हा मिळू शकेल, हे तडजोडीपूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

३. दाखला व बोजा : फेड होताच बेबाकी दाखला घ्यावा. तो तलाठी कार्यालयात देऊन सात-बारा उताऱ्यावरील 'इतर हक्क' या सदरातील बोजा कमी करून घ्यावा. कर्ज फिटूनही बोजा तसाच राहिला, तर पुढील कर्जास तोच आडवा येतो.

४. पतअहवाल : ज्याला लोक 'सिबिल' म्हणतात, तो अहवाल पतमाहिती कंपन्या ठेवतात. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून तो विनामूल्य मिळतो. त्यातील गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. फेडलेले कर्ज थकीत दिसल्यास बेबाकी दाखल्यासह बँकेकडे व कंपनीकडे तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. खरी नोंद मात्र कोणासही पैसे देऊन पुसता येत नाही. तसे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

५. लहान कर्ज, वेळेवर फेड : नव्या कर्जाचा आरंभ लहान रकमेने करावा आणि पीक विकताच प्रथम कर्ज भरावे. २०२५-२६ साली ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास व्याजाचा दर ७ टक्के असून मुदतीत फेडणाऱ्यास ३ टक्के सवलत होती. म्हणजे वर्षभरासाठी घेतलेल्या १ लाखावर ७,००० ऐवजी ४,००० रुपयेच व्याज पडते. शिवाय वेळेवर केलेला प्रत्येक भरणा पतअहवालात जमेस धरला जातो.

पुन्हा आपत्ती ओढवल्यास गप्प बसू नये. शासनाने आपत्ती जाहीर केली असल्यास कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेकडे त्वरित अर्ज करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी थकबाकीदारांची भेट घेऊन त्यांचा उतारा, दाखला व सात-बारा एकत्र तपासून द्यावा. थकबाकीदार शेतकरी लाजेने बँकेत जाण्याचे टाळतो आणि त्या अवधीत व्याज वाढत राहते. त्याला सोबत घेऊन बँकेपर्यंत जाणे, ही या कामातील पहिली व सर्वांत मोलाची मदत होय.