एक्यूआय हिरवा, मग थिनरचा वास कुठून? छोट्या वर्कशॉपच्या वाफांवर नियम कसा लावतात, समजून घेऊया

मी मालगुंडमध्ये बसून फोनवर हवेचं ॲप उघडतो, तेव्हा आकडा बहुतेक वेळा हिरव्या नाहीतर फिक्या हिरव्या रंगात असतो. समोर समुद्र आहे, दिवसभर वारा आहे, त्यामुळे ते पटतंही. पण एखाद्या गॅरेजमध्ये गाडीचं डेंटिंग-पेंटिंग चालू असताना बाजूने जा, किंवा ग्रिलच्या दुकानात नव्या गेटवर रंग मारत असताना पाच मिनिटं उभे राहा. डोकं जड होतं, घसा खवखवतो. ॲप मात्र हिरवंच!

मग चुकतंय कोण, ॲप की नाक? दोघंही नाही. ॲप ज्या गोष्टी मोजतं, त्यात ही गोष्ट धरलेलीच नाही.

हा वास म्हणजे नक्की काय?

रंगाच्या डब्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंगद्रव्य, ते पृष्ठभागाला धरून ठेवणारं रेझिन आणि दोन्ही पातळ ठेवणारं द्रावक, म्हणजे आपलं थिनर. पहिल्या दोन गोष्टी गेटवर राहतात. थिनरचं काम फक्त रंग तिथवर पोचवायचं. रंग वाळला, म्हणजे थिनर हवेत गेलं.

टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन ही त्यातली नेहमीची नावं. साध्या तापमानालाच उडून जाणाऱ्या अशा कार्बनी संयुगांना व्हीओसी म्हणतात.

आता एक छोटं गणित करू. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर साधारण २३० लिटर शुद्ध वाफ होते. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने कामाच्या दिवसासाठी टोल्युइनची सुचवलेली सरासरी मर्यादा आहे १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. तेवढं पातळ व्हायला त्या वाफेला सुमारे २,३०० घनमीटर हवा लागते. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच शेडमध्ये हवा असते २४० घनमीटर. म्हणजे एका लिटरसाठी जवळजवळ दहा शेड भरतील इतकी ताजी हवा पाहिजे.

आणि कोकणात रंगकाम वारंवार निघतं. खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजतं, म्हणून गेट, ग्रिल, पत्रे पुन्हा पुन्हा रंगवावे लागतात. पावसाळ्यात तर दारं-खिडक्या लावून काम चालतं. गणपतीच्या शाळेत पाण्यातले रंग असतील तर थिनरचा प्रश्न फारसा नाही, पण ऑइल पेंट किंवा वॉर्निश असेल तर तिथेही हेच गणित लागू.

ॲपला हे का दिसत नाही?

भारताचा एक्यूआय २०१४ मध्ये आला. तो आठ घटकांवरून काढतात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. यात टोल्युइन नाही, झायलीनही नाही. शिवाय जवळ मोजणी केंद्र नसेल, तर बरीच ॲप्स उपग्रह आणि गणिती मॉडेलवरून अंदाज दाखवतात. तुमच्या आळीतलं गॅरेज त्या अंदाजात येतच नाही.

मग ऑनलाइन मिळतो तो 'टीव्हीओसी' मीटर घेतला तर? त्यातल्या बहुतेक स्वस्त मीटरमध्ये तापवलेला मेटल ऑक्साइडचा सेन्सर असतो. वाफ त्याला लागली की त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. पण वाफ कसली आहे ते त्याला कळत नाही. अगरबत्ती, फोडणी, डिओ, सॅनिटायझर, सगळ्यांनी आकडा वर जातो. खिडकी उघडल्यावर फरक पडला का, एवढं बघायला तो चालेल. तक्रारीत पुरावा म्हणून तो टिकणं अवघड.

कायदा आहे का? आहे.

हवा प्रदूषण कायदा १९८१ चा आहे. त्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ व्यवसायांना संमतीपत्र देतं: एक सुरू करण्याआधी, दुसरं चालवण्यासाठी. कोणता धंदा किती प्रदूषण करू शकतो, त्याप्रमाणे लाल, नारिंगी, हिरवा असे गट आहेत. केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या यादीत गाड्यांची दुरुस्ती-रंगकाम आणि स्प्रे पेंटिंग नारिंगी गटात होतं. म्हणजे संमती घेणं अपेक्षित. २०२४ पासून या कायद्यात तुरुंगाऐवजी दंडावर भर आहे, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत.

कागदावर ठीक आहे. पण मोजायचं कसं? लोटे परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला चिमणी असते, तिला यंत्र लावता येतं. गॅरेजला चिमणी नाही. वाफ दारातून, पत्र्याच्या फटीतून, रस्त्यावर उभ्या गाडीवरून जाते. निरीक्षक सोमवारी आला आणि रंगकाम मंगळवारी असेल, तर त्याला काय दिसणार? आणि दोन पोरं घेऊन चालणाऱ्या दुकानाला मोठा दंड केला, तर दुकानच बंद. तिथला पेंटर आपल्यापैकीच कोणाचा तरी काका नाहीतर मित्र असतो.

मग नियम लावायचा कुठे? डब्यावर!

माझ्या मते या विषयातला कळीचा मुद्दा हाच. हजार दुकानांची हवा मोजण्यापेक्षा रंग बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांच्या डब्यात काय आहे, ते ठरवणं सोपं.

लॉस एंजेलिसमध्ये १९५० च्या दशकात हागेन-स्मित या शास्त्रज्ञाने दाखवलं, की या वाफा, गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन मिळून जमिनीलगत ओझोन तयार होतो. १९६६ मध्ये तिथे द्रावकांवर 'रूल ६६' आला. युरोपने २००४ मध्ये सरळ डब्यावर मर्यादा घातली. गाडीच्या वरच्या थराच्या रंगात लिटरमागे ४२० ग्रॅमपेक्षा जास्त व्हीओसी नको, आणि आकडा डब्यावर छापायचा.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं नाही. शिशाच्या बाबतीत आपण हेच केलंय. २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम केली. त्यासाठी कोणी मालगुंडच्या दुकानात यंत्र घेऊन बसलं नाही. थिनरच्या वाफांना मात्र असा सक्तीचा आकडा अजून नाही. भिंतीच्या रंगावर 'लो व्हीओसी' दिसतं, गॅरेजमधल्या थिनरवर नाही.

दुसरी जागा म्हणजे स्प्रे गन. जुन्या जास्त दाबाच्या गनमधून निम्म्याहून जास्त रंग वस्तूवर न बसता हवेत जातो. एचव्हीएलपी गन हवा जास्त सोडते, पण दाब कमी ठेवते, म्हणून जास्त रंग जागेवर बसतो. रंग वाचतो, पैसेही वाचतात. अमेरिकेने २००८ मध्ये छोट्या गॅरेजसाठी जो नियम केला त्यात हेच आहे: अशी किंवा तितकीच चांगली गन, फिल्टर लावलेली बंदिस्त जागा, गन धुताना थिनर हवेत न फवारणं आणि पेंटरला प्रशिक्षण. एक लक्षात ठेवा, हा फिल्टर रंगाचे कण अडवतो, वाफ नाही. म्हणून डब्यावरचा नियम लागतोच.

सगळ्यात जास्त धोका कोणाला?

शेजाऱ्यापेक्षा पेंटरला. रुमाल किंवा एन-९५ मास्कने वाफ अडत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. हार्डनर मिसळायचे टू-के पीयू रंग जास्त जपण्यासारखे. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि घातक प्रमाणातही त्याचा वास येईलच असं नाही. तिथे नळीने बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्कच योग्य. आणि वासाची नाकाला सवय होते, त्यामुळे 'मला काही होत नाही' यावर विसंबू नका.

तुम्ही काय करू शकता?

१. गाडी किंवा गेट रंगवायला देताना पाण्यातला किंवा कमी व्हीओसीचा रंग मिळेल का, एवढं विचारा. गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदार माल ठेवतो.

२. ओळखीचा पेंटर असेल तर कार्ट्रिजचा मास्क आणि एचव्हीएलपी गनबद्दल सांगा. डब्याचं झाकण लावणं आणि थिनरचे बोळे बंद डब्यात टाकणं यांना खर्च जवळपास नाहीच. थिनर पेट घेतं, त्यामुळे आगीचा धोकाही कमी होतो.

३. त्रास होत असेल तर आधी दुकानदाराशी बोला, मग ग्रामपंचायत, मग प्रदूषण मंडळाचं रत्नागिरीतलं कार्यालय. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि काय काम चालू होतं, हे लिहून ठेवा. नुसत्या एक्यूआयच्या स्क्रीनशॉटचा उपयोग नाही, कारण तो हिरवाच असणार!