एका वेळी एकच स्वर: मूग, बाख आणि मुंबईतले दहा राग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज फोनवरच्या साध्या ॲपमध्येसुद्धा ढीगभर वाद्यं असतात. टॅप केलं की व्हायोलिन, परत टॅप केलं की बासरी. म्हणून ‘सिंथेसायझरवरचं शास्त्रीय संगीत’ म्हटलं की आपल्याला वाटतं, त्यात काय, यंत्रानेच केलं असणार! आज मला हाच समज खोडून काढायचाय.

चला १९६८ मध्ये, न्यूयॉर्कला. वेंडी कार्लोस यांनी ‘स्विच्ड-ऑन बाख’ नावाचा अल्बम केला. बाखचं संगीत, पण ऑर्केस्ट्रा नाही. सगळं मूग सिंथेसायझरवर.

आता हा मूग म्हणजे काय? रॉबर्ट मूग या अमेरिकन इंजिनिअरने बनवलेलं कपाटाएवढं यंत्र. त्यात एक भाग विजेच्या कंपनांतून कच्चा आवाज काढतो. दुसरा भाग, म्हणजे फिल्टर, त्या आवाजाची धार कमी-जास्त करतो. तिसरा ठरवतो की आवाज एकदम उमटेल की हळूहळू फुलेल, आणि विरेल कसा. हे भाग एकमेकांना तारांनी जोडायचे. सुराची उंची ठरायची व्होल्टेजवर: एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण अडचणी बघा. पहिली, हे यंत्र एका वेळी एकच स्वर वाजवायचं. दोन कळा एकदम दाबून उपयोग नाही. दुसरी, तापमान जरा बदललं की सूर सरकायचा. म्हणजे थोडं वाजवा, थांबा, परत सुरात लावा, परत वाजवा. तिसरी, आवाज सेव्ह करायची सोय नव्हती. तारा काढल्या की तो आवाज गेला.

मग अख्खा ऑर्केस्ट्रा उभा कसा राहिला? टेपवर, थर चढवत. कार्लोस यांनी स्वतः जुळवलेल्या आठ ट्रॅकच्या रेकॉर्डरवर एक ओळ वाजवायची, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी. काही मिनिटांच्या संगीतामागे अशी कित्येक दिवसांची मेहनत. साध्या कळांना जोर कळत नसे, म्हणून मूग यांनी कार्लोस यांच्यासाठी बोटाचा दाब ओळखणारा कीबोर्डही बनवून दिला. निर्माती रेचल एल्काइंड हिचाही या कामात मोठा वाटा.

आणि बाखच का निवडला? इथे खरी मेख आहे. बाखच्या रचनेत तीन-चार सुरावटी एकाच वेळी आपापल्या वाटेने चालतात. प्रत्येकीला स्वतःचा जीव असतो. एका वेळी एकच स्वर काढणाऱ्या यंत्राला हे सोयीचंच पडलं. प्रत्येक ओळीला वेगळा रंग दिला की कोण कुठे चाललंय ते स्वच्छ ऐकू येतं. यंत्राची मर्यादा रचनेच्या स्वभावाशी जुळली.

या अल्बममध्ये ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तो क्रमांक ३ आहे. त्याच्या मधल्या भागासाठी बाखने फक्त दोन कॉर्ड लिहून ठेवले होते. ती मोकळी जागा कार्लोस यांनी स्वतःच्या संगीताने भरली. हे कुठल्या यंत्राचं डोकं नव्हतं.

१९७० मध्ये या अल्बमला तीन ग्रॅमी मिळाले. मग मूगवर काहीही वाजवून रेकॉर्ड काढायची लाटच आली आणि त्यातल्या बऱ्याचशा रेकॉर्ड आज कुणाला आठवत नाहीत. यंत्र तर सगळ्यांकडे तेच होतं! जपानच्या इसाओ तोमिता यांनी मात्र १९७४ मध्ये द्यब्युसीचं संगीत घेऊन वेगळी वाट काढली. तिथे भर होता धूसर, पसरत जाणाऱ्या रंगांवर.

आता येऊ आपल्या मुंबईत. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे कलाकार. १९८२ मध्ये त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. यंत्रं तीन: रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. राग भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस वगैरे दहा.

टीबी-३०३ खरं तर बेस गिटारची जागा घ्यायला बनवलेलं छोटं यंत्र. तेही एका वेळी एकच स्वर काढतं, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतं. आता आठवा, रागसंगीतात मुख्य काय असतं? एकच सुरावट, खाली अखंड षड्ज, आणि स्वरांना जोडणारी मींड. पुन्हा तीच जुळणी!

अर्थात, सगळं जुळतं असं नाही. तोडीतला गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही किंचित उतरलेला असतो. कीबोर्डच्या बारा ठरलेल्या स्वरांत तो बसत नाही. यंत्राची घसरणही ठरावीक मापाची. गळ्यातली मींड वाटेत रेंगाळते, तसं तिला जमत नाही. ‘हा राग नव्हे’ असं एखादे बुवा म्हणाले, तर मी वाद घालणार नाही. पण रागाची चाल मात्र ओळखू येते.

ती रेकॉर्ड तेव्हा फारशी चालली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने टीबी-३०३ वरच ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं आणि ॲसिड हाऊस नावाचा प्रकार गाजला. २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा हे साम्य ऐकून जगभरचे लोक चकित झाले. २०१५ मध्ये सिंग गेले. कौतुक उशिरा झालं, पण निदान त्यांच्या हयातीत झालं.

हे आज सांगायचं कारण असं, की आता एक ओळ टाईप केली की गाणं तयार होऊन येतं, आणि ‘यंत्राचं संगीत खरं का?’ हा वाद पुन्हा पेटलाय. मला वाटतं, प्रश्न थोडा बदलून विचारूया: प्रत्येक स्वराचा निर्णय कोणी घेतला? कार्लोस आणि सिंग यांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे.

यमन किंवा मालकंस लावा, हेडफोन घालून. पहिल्यांदा फक्त ठेका ऐका, दुसऱ्यांदा फक्त सुरावट. कार्लोस यांचा अल्बम मोठ्या स्ट्रीमिंग ॲपवर सापडणं कठीण, जुनी सीडी किंवा एलपी शोधावी लागेल. ऐकून काय वाटलं ते मला कळवा. भेटूच पुढच्या भागात!